अधिक तीन, उणे तीन

आमच्या सोसायटीची बाग सहाव्या मजल्यावर आहे. खालचे पाच मजले गाड्यांचे. त्यामुळे सत्ताविसाव्या मजल्यावरचा मी ‘खाली बागेत’ जातो, गेटमधून येणारे पाहुणे ‘वर बागेत’ येतात, आणि दोघंही जिथे पोचतात तिथे जमीन नसतेच. स्लॅबवर दीड-दोन फूट माती, मातीवर हिरवळ आणि हिरवळीवर पाटी : ‘हिरवळीवर चालू नये.’

घोडबंदर रोडला हे घर घेतलं ते बागेकडे बघून. म्हणजे बागेच्या चित्राकडे बघून. बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत सोनेरी केसांची एक मुलगी फुलपाखरामागे धावत होती. तीन वर्षांत सोनेरी केसांची मुलगी काही दिसली नाही. फुलपाखरू एकदा दिसलं. लिफ्टमध्ये.

या तीन वर्षांत मी बागेत चार वेळा गेलो. दोनदा वाळत घातलेला टॉवेल उडून पडला म्हणून, एकदा सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला आणि एकदा लिफ्टचं चुकीचं बटण दाबलं गेलं म्हणून. मेंटेनन्सच्या बिलात बागेचे महिना नऊशे रुपये लागतात. बायकोने हिशेब करून सांगितलं की मला बागेची एक खेप ८,१०० रुपयांना पडली. टॉवेल साडेतीनशेचा होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एप्रिलअखेर भाचीचा पुण्याहून फोन आला. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. “मामा, तुमच्याकडे पोडियम गार्डन आहे ना?”

“आहे की!”

“मला प्रोजेक्ट करायचाय. उंच इमारतींच्या बागेत लोकांना आराम वाटतो का, यावर. तू वापरतोस ना बाग?”

“रोज,” मी म्हणालो. स्वयंपाकघरात बायकोला एकदम ठसका लागला.

मेच्या पहिल्या आठवड्यात भाची आली. सोबत कॅमेऱ्याचं असतं तसं तिपाई स्टँड, वारा मोजायचं भिरभिरं, फॉर्मांचा गठ्ठा आणि काळा रंग दिलेला टेबलटेनिसचा चेंडू. चेंडूला भोक पाडून आत थर्मामीटरचं टोक बसवलेलं. साधा थर्मामीटर म्हणे फक्त हवा मोजतो. माणूस मात्र उन्हाने, तापलेल्या भिंतीने, पायाखालच्या फरशीनेही भाजत असतो. तो सगळा ताप काळा चेंडू शोषून घेतो. मला चेंडूबद्दल आपुलकी वाटली. आमच्या ऑफिसात हे काम मी वीस वर्षं केलं.

दुपारी चार वाजता आम्ही बागेच्या मध्यावर स्टँड उभा केला आणि त्याला चेंडू टांगला. पाचव्या मिनिटाला सिक्युरिटीवाला आला.

“साहब, ये क्या है?”

“थर्मामीटर.”

“किसको बुखार है?”

“गार्डन को.”

तो वॉकीटॉकीवर गेटला हे सगळं गंभीरपणे कळवत निघून गेला. पुढच्या अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर तीन मतप्रवाह तयार झाले. आमच्याकडे माणसांना नावं नसतात, फ्लॅट नंबर असतात. १७०४च्या काकूंचं म्हणणं, कुणीतरी शहाण्यानं बागेला दृष्ट लागू नये म्हणून काळं काहीतरी बांधलंय, चांगलं केलं, लिंबूही लावा. ६०१चं म्हणणं, हा कमिटीने गुपचूप बसवलेला कॅमेरा आहे आणि तो आपल्या बेडरूमच्या खिडकीकडे वळलेला आहे. ११०२ने थेट लिहिलं, ‘मोबाइल टॉवरला आमचा विरोध आहे.’ त्याला एकोणीस अंगठे आले.

सेक्रेटरी स्वतः खाली आले. म्हणजे वर आले. ते तिसऱ्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरला जॅमर लावत होते. “परवानगी घेतलीत?”

अशा वेळी इतिहासाचा आधार घ्यावा, समोरचा बिचकतो. मी म्हणालो, “अहो, मलबार हिलचं हँगिंग गार्डन बघा. फिरोजशहा मेहता उद्यान. १८८१ सालचं. तेही स्लॅबवरच, खाली शहराला पाणी पुरवणारी भलीमोठी टाकी आहे. मुंबईची पहिली पोडियम गार्डनच म्हणा! आपण त्या परंपरेतले. अभ्यास नको व्हायला?”

“त्यांच्याखाली पाणी आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “आपल्याकडे बागेला पाणी घातलं की ते खाली माझ्या गाडीवर पडतं. त्याचा अभ्यास करा आधी.”

भाचीने उत्साहाने सांगायला घेतलं, की २०१३ साली मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, नियमाप्रमाणे सोडायची करमणुकीची मोकळी जागा खऱ्या जमिनीवरच हवी, पोडियमवर बाग करायची तर ती त्याच्याशिवाय जादाची. न्यायालयाचं नाव निघताच सेक्रेटरींचा आवाज मऊ झाला. “आपल्याकडे आहे ना जमिनीवर. गेटपाशी.” ती जागा मला ठाऊक आहे. ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी दोन झुडपं आणि एक झोपाळा. झोपाळ्यावर सिक्युरिटीचा डबा ठेवलेला असतो, तो वाऱ्याने हलतो. “घ्या, करा तुमचा अभ्यास,” म्हणून ते जॅमरकडे परत गेले.

आता फॉर्म भरून घ्यायचे. पहिलाच प्रश्न : ‘आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?’ उत्तराला सात खाने. अधिक तीन म्हणजे प्रचंड उकाडा, उणे तीन म्हणजे कडाक्याची थंडी, मध्ये शून्य, म्हणजे ना गरम ना गार. जगभर हीच मोजपट्टी वापरतात, असं भाची म्हणाली. जगात मराठी माणूस धरलेला नसावा.

पहिले भेटले ९०२चे आजोबा. लॉबीच्या दारासमोरच्या बाकावर, टोपीखाली ओला रुमाल ठेवून बसले होते.

“आजोबा, आत्ता कसं वाटतंय?”

“का? काय झालं?”

“नाही, सहज. अभ्यासासाठी. कसं वाटतंय?”

“चाललंय.”

“चाललंय म्हणजे अधिक की उणे?”

“अगं, चाललंय म्हणजे चाललंय. उणं-अधिक असतंच.”

काळा चेंडू त्या वेळी ४३ अंश दाखवत होता. भाचीने मान खाली घालून शून्यावर खूण केली. पुढचे दहा जण असेच. ‘बरंय.’ ‘ठीक.’ ‘तसं बरं म्हणायचं.’ ‘मजेत,’ असं म्हणणाऱ्या गृहस्थांच्या भुवईवरून घाम चष्म्यात ठिबकत होता. मोजपट्टीला ‘चाललंय’चा खाना नाही, हा तिच्यातला मूलभूत दोष आहे, आणि तो परदेशी विद्वानांना कुणीतरी कळवायला हवा. दुसरा प्रश्न होता, ‘तुम्हाला हवा कशी हवी आहे? अधिक गार, आहे तशी, की अधिक गरम?’ त्यावर आजोबांनी भाचीकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “तुम्ही बदलून देणार आहात?”

तिसऱ्या प्रश्नाला मात्र जिवावर बेतलं. ‘तुम्ही आत्ता अंगावर काय काय घातलं आहे?’ हा प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. कपडे किती ऊब धरतात ते मोजायला क्लो नावाचं एकक आहे. १९४१ साली अमेरिकेत ठरवलेलं. सूटबूट घातलेला साहेब म्हणजे १ क्लो, जन्मतः असतो तो माणूस म्हणजे शून्य. हे सगळं समजावून सांगेपर्यंत लोक थांबत नाहीत. मी काकूंना “तुम्ही आत काय...” इथवर आलो आणि बाकावरच्या सहाही बायका गप्प झाल्या. भाचीने झडप घालून फॉर्म हिसकावला.

“काकू, ते कपड्यांच्या उबेबद्दल आहे. साडीवरही संशोधन झालंय. एकच साडी नेसायच्या पद्धतीप्रमाणे कमी-जास्त गरम होते म्हणे. पदर डोक्यावरून घेतला, अंगाभोवती गुंडाळला, कमरेला खोचला, की आकडा बदलतो.”

“हे शोधायला कॉलेज लागतं?” काकू म्हणाल्या. पण खूश झाल्या. पदर खोचून ‘कमी’ लिहून घेतलं, सोडून ‘जास्त’ लिहून घेतलं, आणि बाकीच्या पाच जणींचे फॉर्मही स्वतःच तोंडी भरून दिले. “हिला उकडतंय. हिला नाही उकडत, हिच्या अंगात रक्तच नाही. हिला विचारू नका, ही काहीही सांगेल.” त्या बाकाचं मत एकमुखी आलं. निवडणुकीतही असंच येतं.

एवढ्यात वारा सुटला. समुद्राकडून आलेला वारा आमच्या इमारतीच्या छातीवर आपटतो, त्याला पुढे वाट मिळत नाही, मग त्यातला बराचसा भिंतीवरून घसरत खाली येतो आणि बी आणि सी विंगच्या फटीतून घुसतो. हे सगळं भाची मला आकृती काढून दाखवत होती. आकृतीचा कागद पहिला गेला. पाठोपाठ भरलेले त्रेचाळीस फॉर्म. अकरा स्विमिंग पूलमध्ये पडले, काही पार्किंगच्या झरोक्यातून खाली सेक्रेटरींच्या गाडीकडे गेले, एक आठव्या मजल्यावरच्या एसीच्या डब्याला चिकटून बसला. तो अजून तिथे आहे. त्यात ‘चाललंय’ लिहिलेलं आहे.

उडते कागद पकडायला मी धावलो. हिरवळीवरून धावायची बंदी, म्हणून अॅक्युप्रेशरच्या पट्ट्यावरून धावलो. सिमेंटमध्ये उभे रोवलेले नदीतले गोटे असतात तो पट्टा. त्यावर अनवाणी चाललं की म्हणे शरीरातले सगळे बिंदू जागे होतात. माझे चपलांसकट जागे झाले. गुडघा सोलवटून उठतोय तोवर सहा वाजले, आणि हिरवळीतले पाण्याचे फवारे आपोआप सुरू झाले. त्यांची वेळ सहाची असते हे रोज बागेत येणाऱ्याला माहीत असतं.

“मामा, तू रोज येतोस ना?” भाचीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं मोजमाप होतं. सकाळी योगा डेकवर हास्य क्लब असतो. हास्य क्लबची कल्पना आपल्या मुंबईचीच. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन ती सुरू केली आणि जगभर पोचवली. पण त्या बागेला आभाळ होतं. आमच्याकडे तिन्ही बाजूंनी टॉवर. इथे एक माणूस हसला की तिसाव्या मजल्यापर्यंत तीस माणसं हसल्यासारखी ऐकू येतात, आणि रात्रपाळी करून नुकतीच झोपलेली कॉल सेंटरची पोरं खिडकीतून हास्याखेरीज बरंच काही परत पाठवतात. तक्रारी झाल्या, मीटिंग झाली, ठराव झाला. आता आमचा हास्य क्लब आवाज न करता हसतो. बारा ज्येष्ठ नागरिक तोंड आ करून, पोट गदगदा हलवत, एक शब्द न काढता गोल उभे असतात. सकाळी सकाळी ते प्रथम पाहणाऱ्याने जरा जपून बघावं. भाची किंचाळली. त्या दिवशीचा तेवढाच आवाज.

योगा डेकवर खोटं गवत आहे. सकाळी त्यावर पाऊल ठेवायला छान वाटतं. दुपारी बाराला भाचीने तिथे थर्मामीटर टेकवला आणि वाचून दाखवण्याऐवजी नुसती शिट्टी वाजवली. ऊन लागलं की ते प्लास्टिक खऱ्या हिरवळीच्या कितीतरी वर तापतं. बागेभोवतीची झाडं म्हणजे फॉक्सटेल पाम, ओळीने बावीस. दिसायला राजबिंडी, सावली मात्र उधार मागितल्यासारखी देतात. आंबा-वड दीड फूट मातीत कसे लावणार? त्यांची मुळं एव्हाना गाड्यांच्या टपापर्यंत उतरली असती.

आमच्या ज्येष्ठांना याचं दुःख नाही. त्यांनी सावलीची वेगळी व्यवस्था केली आहे. ते इमारतींच्या सावलीत बसतात आणि सावली सरकेल तसे सरकतात. पाच वाजून दहा मिनिटांनी सी विंगची सावली कारंज्याजवळच्या बाकावर येते. साडेपाचला ती लॉबीसमोर. आजोबांना हे वेळापत्रक पाठ आहे, जूनचं वेगळं, डिसेंबरचं वेगळं. “मे महिन्यात चार मिनिटं इकडे-तिकडे,” ते म्हणाले, “तुझा तो चेंडू बंद पडला तर मला विचार.”

मग आजोबा चार वाजता लॉबीसमोरच्या रणरणत्या बाकावर का बसले होते, हा प्रश्न भाचीला पडला. कारण तिच्या आकड्यांनुसार बागेतली सर्वांत सुखाची जागा बी विंगच्या मागे, चाफ्याखाली होती. तिथे चेंडू सात अंशांनी उतरत होता. वाऱ्याची झुळूक, चाफ्याचा वास, समोर येऊरचा डोंगर. बाक कोरा करकरीत. तीन वर्षांत त्यावर कुणी बसलेलंच नाही, टेकायच्या पाठीवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

प्रयोग म्हणून आजोबांना विनंती करून तिथे नेलं. त्यांनी बाक झटकला, बसले, डोंगर बघितला. आम्ही लांब उभे राहिलो. चौथ्या मिनिटाला ते उठून परत यायला लागले.

“काय झालं आजोबा? वारा नव्हता?”

“वारा आहे.”

“सावली?”

“सावली आहे. डोंगर आहे. बाकी काही नाही तिथे.” आणि ते लॉबीसमोरच्या बाकाकडे निघाले. तिथे त्यांच्या नसण्याच्या चार मिनिटांत १३०१ची मुलगी कुणाच्या तरी सोबत येऊन लिफ्टमध्ये गेली होती. काकूंनी ते सविस्तर सांगितलं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. आजोबा दिवसभर माझ्यावर घुश्शात होते.

भाची म्हणाली की विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून हेच बघितलं होतं. माणसं कुठे बसतात, तर जिथे इतर माणसं दिसतात तिथे. १९८० साली त्याचं पुस्तकही आलं. काकू म्हणाल्या, “कॅमेरे कशाला? आमची चाळ गिरगावात होती. बाई सकाळी गॅलरीत उभी राहायची ती दुधापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं बघून आत यायची. उकडतंय की नाही ते आत गेल्यावर कळायचं.”

हे ‘इतर निरीक्षणे’च्या खान्यात लिहायला भाची वाकली, आणि त्याच वेळी कधीतरी चेंडू गेला. सहा ते साडेसहाच्या दरम्यान. स्टँड होता, तार होती, तारेच्या टोकाला उघडा पडलेला थर्मामीटर लोंबत होता. बागेत त्या वेळी सायकलवर आठ, स्केटिंगवर चार आणि पायी असंख्य मुलं होती. सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. सिक्युरिटीने रजिस्टरमध्ये नोंद केली : ‘गार्डन का बुखार देखने वाला बॉल गायब.’ ११०२ने ग्रुपवर लिहिलं, ‘एकजुटीचा विजय. टॉवर हटवला.’

मी ओल्या विजारीने, सोललेल्या गुडघ्याने लॉबीसमोरच्या बाकावर बसलो. आदल्या दिवशीचीच विजार. बाग वापरणारा माणूस म्हणून फवाऱ्यांची वेळ मला अजूनही लक्षात राहत नव्हती. आजोबा थोडे सरकले. काकूंनी डब्यातली कैरी पुढे केली, तिखट-मीठ लावलेली. समोर तळपणारी काच, मागे तापलेली भिंत, एसीच्या डब्यांतून गरम फुंकर. लिफ्टचं दार उघडलं. १९०३चे पाहुणे उतरले, बॅगा मोठ्या होत्या. “चार दिवस तरी राहणार,” आजोबा म्हणाले. “आठ,” काकू म्हणाल्या. “बॅगेवर उशी बांधलीय.” मी पाहिलं. खरंच उशी होती.

“मामा, तुझा फॉर्म राहिलाय,” भाची म्हणाली. “आत्ता कसं वाटतंय?”

“चाललंय.”

तिने न विचारता शून्यावर खूण केली.

भाची पुण्याला गेली. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले, परीक्षकांनी फक्त ‘नमुन्यात शून्यांचं प्रमाण संशयास्पद’ असा शेरा मारला. मी हल्ली साडेपाचला खाली जातो. जावंच लागतं, नाही गेलं तर माझ्या जागेवर १४०२ बसतात, आणि एकदा बसले की उठत नाहीत. बागेची एक खेप आता तीस रुपयांना पडते. बायको म्हणते, घरातला एसी सोडून तिथे काय भाजून घ्यायला जाता? ती परवा मला बोलवायला आली आणि सात वाजता परत गेली. उशीवाल्या पाहुण्यांचा दहावा दिवस होता.

राहता राहिला चेंडू. तो भाचीच्या कॉलेजचा आहे आणि त्याचं डिपॉझिट मी भरलं आहे. काळा रंग, एका बाजूला भोक. भोकामुळे तो नीट उसळत नाही, हे ज्याच्याकडे आहे त्याला एव्हाना कळलं असेलच. कृपया सी विंग, २७०३ला आणून द्यावा. नाव विचारलं जाणार नाही, फ्लॅट नंबर सांगितला तरी पुरे. आणि मी घरी नसलो तर लॉबीसमोरच्या बाकावर बघावं, डावीकडून तिसरा.